बेंबीपासून उजवीकडे



स्मृतिव्याख्यान म्हटलं की लोकशाही, संतवाङ्मय, शिक्षण असे भारदस्त विषय येतात. आजचा विषय करंगळीएवढा आहे, आणि हे शब्दशः खरं आहे. पाश्चात्त्य देशांतल्या गणतीनुसार शंभरातल्या सात-आठ माणसांना आयुष्यात कधी ना कधी अपेंडिसायटिस गाठतो. तोही बहुधा दहा ते तीस या वयात, म्हणजे परीक्षा, मुलाखती आणि लग्नं यांच्या ऐन हंगामात. इथे बसलेल्यांपैकी काहींच्या पोटाच्या उजव्या अंगाला खाली एक जुनी तिरकी खूण असणारच. त्यांना यातलं बरंच ठाऊक आहे. व्याख्यानात काही राहिलं तर त्यांनी शेजारच्याला सांगावं.

सुरुवात पुण्यापासून करू. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगात सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या एका ५४ वर्षांच्या कैद्याला पोटदुखीसाठी ससून रुग्णालयात आणलं गेलं. कैद्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं अपेंडिसायटिसचं निदान केलं. मुंबईच्या ओळखीच्या डॉक्टरांची वाट पाहावी अशी गांधीजींची इच्छा होती. पण रात्र चढत गेली, दुखणं थांबेना, आणि आता थांबता येणार नाही असं मॅडॉकनी सांगितलं.

त्या रात्री सरकारला काय वाटलं असेल? इंग्रज डॉक्टरच्या हातून, इंग्रज सरकारच्या कैदेत, गांधींचं काही बरंवाईट झालं तर? गांधीजींनी नेमस्त पुढारी श्रीनिवास शास्त्री आणि पुण्यातले स्नेही डॉ. फाटक यांना बोलावून घेतलं. एक निवेदन तयार झालं: ऑपरेशनला आपली संमती आहे, डॉक्टरांनी नीट काळजी घेतली आहे, आणि काहीही झालं तरी त्यावरून सरकारविरुद्ध आंदोलन होऊ नये. गांधीजींनी गुडघे वर घेतले आणि पेन्सिलीनं सही केली. हात थरथरत होता. त्यावर ते स्वतःच मॅडॉकशी हसत बोलले. मग क्लोरोफॉर्म. ऑपरेशन चालू असताना वादळ झालं, वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरी विझली. शेवटचे टाके कंदिलाच्या उजेडात पडले.

नंतर जखमेच्या जागी पू झाला, प्रकृती हळूहळू सुधारली, आणि ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांची सुटका केली. डॉक्टर आणि इस्पितळं यांच्यावर ‘हिंद स्वराज्य’मध्ये १९०९ साली याच गांधीजींनी सडकून टीका केली होती. तो विरोधाभास चघळायला कुणाला आवडेल, पण आज आपल्याला वेळ नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. मुंबईहून डॉक्टर येईपर्यंत का थांबता आलं नाही? एवढी घाई कशाची?

त्यासाठी पोटात थोडं डोकावावं लागेल. लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं ती जागा पोटाच्या उजव्या बाजूला खाली असते. तिथून, मोठ्या आतड्याच्या बुडाशी, एक नळी लोंबते. लांबी साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर. एक तोंड आतड्यात उघडं, दुसरं टोक बंद. सगळी गोम या बंद टोकात आहे. उघड्या तोंडाशी मळाचा खडा अडकला, किंवा भिंतीतला लसिका पेशींचा थर सुजला, की आतला स्राव बाहेर यायला वाट उरत नाही. स्राव पाझरत राहतो, दाब वाढतो, आतले जंतू भिंतीत शिरतात. अडथळा दर वेळी सापडतोच असं नाही, पण पुढची गाडी याच रुळांवरून जाते. या नळीला रक्त पुरवणारी मुख्य रक्तवाहिनी एकच, तिला पर्यायी वाट नाही. ती दाबानं, सुजेनं बंद पडली की भिंत काळी पडते आणि तिला भोक पडतं. मग पू आणि मळ पोटात. हे सगळं आठवड्यांत नव्हे, तासांत घडतं. पहिला दिवस उलटला की फुटण्याचा धोका चढत जातो. म्हणून मॅडॉक थांबायला तयार नव्हते. १९२४ साली पेनिसिलिनचा शोधही लागलेला नव्हता. फुटलेलं अपेंडिक्स तेव्हा अनेकदा जीव घ्यायचं.

(जाता जाता: पेरूच्या बिया गिळल्या की अपेंडिक्स होतं असं आपल्याकडे मुलांना दटावून सांगतात. बी अडकल्याची उदाहरणं वैद्यकात आहेत, पण अगदी विरळ. पेरू खुशाल खावा.)

एवढा घातक आजार, मग तो वैद्यकाला आधी कळला कसा नाही? ग्रीक वैद्य गेलननं शरीररचनेचा अभ्यास केला तो मुख्यतः माकडांवर, आणि त्या माकडांना अपेंडिक्स नसतं. त्याच्या शब्दाबाहेर युरोप हजारभर वर्षं गेला नाही. १५४३ साली शरीररचनातज्ज्ञ व्हेसेलियसच्या ग्रंथात ही नळी चित्रासकट छापली गेली. १७३५ साली लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात क्लॉडियस अमयांड नावाच्या सर्जननं अकरा वर्षांच्या मुलाच्या हर्नियाचं ऑपरेशन केलं तेव्हा हर्नियाच्या आत अपेंडिक्स निघालं, आणि त्यात एक टाचणी रुतलेली! त्यानं ते काढलं. मुलगा वाचला. नोंद असलेलं हे अपेंडिक्सचं पहिलं ऑपरेशन. तेही भूल न देता, कारण भूल पुढची शंभर वर्षं यायची होती.

तरीसुद्धा आणखी दीडशे वर्षं उजव्या बाजूच्या या दुखण्याचा दोष शेजारच्या मोठ्या आतड्याच्या माथी मारला जात होता. गुन्हेगार भलताच पकडला होता. १८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झनं तो बदलला. फिट्झ सर्जन नव्हता. मेलेल्या माणसांची आतडी तपासणारा पॅथॉलॉजिस्ट होता. भोक पडलेल्या अपेंडिक्सच्या अडीचशेहून अधिक केसेस गोळा करून त्यानं दाखवून दिलं की आजाराचं मूळ या नळीत आहे. ‘अपेंडिसायटिस’ हे नावही त्याचंच. आणि एका पॅथॉलॉजिस्टनं सर्जन लोकांना ऐकवलं की लवकर ओळखा आणि लवकर कापा.

लवकर ओळखा. पण कसं?

आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यायची असेल तर ती इथे आहे. अपेंडिसायटिसची कुठलीही एक खूण पक्की नसते. पोटदुखी पन्नास कारणांनी होते, उलटी शंभर कारणांनी. पक्का असतो तो क्रम. शिकागोचा सर्जन जॉन मर्फी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेच बजावून सांगत होता: आधी दुखणं, मग मळमळ किंवा उलटी, मग हात लावला की दुखणं, मग ताप. हा क्रम उलटा दिसला की तो स्वतःच्याच निदानावर शंका घ्यायचा. उलट्या आधी सुरू झाल्या आणि पोट नंतर दुखायला लागलं, तर बहुधा बाहेरचं खाणं बाधलं. आधी सणसणून ताप आणि मग पोट, तर आणखी काहीतरी. अपवाद असतात. पण शंभर वर्षांत आलेल्या कितीतरी यंत्रांनी हा क्रम रद्द केलेला नाही.

आता हाच क्रम आपल्या एखाद्या घरात पाहू. रात्रीची वेळ. बारावीतला मुलगा म्हणतो, “आई, पोटात दुखतंय.” आई विचारते, “कुठे?” तो बेंबीभोवती हात गोल फिरवतो. नीट दाखवताच येत नाही. आई म्हणते, “क्लासवरून येताना वडापाव खाल्ला असशील.” आजी म्हणते, “बेंबी सरकली असेल रे, चोळून देते.” मुलगा जेवत नाही. एरवी दुसऱ्यांदा आमटी मागणारं पोरगं ताटावरून उठतं. रात्री एकदा उलटी होते. पहाटेपर्यंत दुखणं बेंबीपासून निघून उजव्या बाजूला खाली येऊन बसतं, आणि आता “कुठे?” म्हटलं की तो एका बोटानं जागा दाखवतो. अंग किंचित कोमट लागतं.

तळहातापासून एका बोटापर्यंतचा हा प्रवास, यातच निदान आहे. असं का होतं? अपेंडिक्सच्या संवेदना नेणाऱ्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात, तिथेच बेंबीच्या पट्ट्यातल्या त्वचेच्या नसाही येतात. मेंदूला नेमकं ठिकाण कळत नाही. तो म्हणतो, बेंबीपाशी काहीतरी आहे. पुढे सूज अपेंडिक्सच्या बाहेर येऊन पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. त्या अस्तराच्या नसा मात्र जागा चोख सांगतात. म्हणजे दुखणं ‘सरकलं’ याचा अर्थ सूज भिंतीबाहेर आली. आजी बेंबी चोळायला निघाली ती या प्रवासाच्या सुरुवातीलाच. आजीचा हेतू चांगला, पण सुजलेल्या नळीवर दाब देण्याचा हा अगदी वाईट मुहूर्त. एरंडेलाचा तर विचारही नको. जुलाबानं आतड्याची हालचाल वाढते आणि फुटण्याचा धोकाही.

सकाळी मुलाला रिक्षात घालून दवाखान्यात नेतात. आणि इथे आपल्या रस्त्यांचा एक अनपेक्षित उपयोग होतो. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पोटदुखीच्या रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला: येताना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली तेव्हा जास्त दुखलं का? अपेंडिसायटिस पक्का ठरलेल्या ३४ जणांपैकी ३३ जण ‘हो’ म्हणाले. २०१२ साली हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. ‘हो’ म्हणणाऱ्या कितीतरी जणांना अपेंडिसायटिस नव्हताही. म्हणजे स्पीडब्रेकरवर दुखलं म्हणून निदान होत नाही. पण मुळीच दुखलं नाही तर डॉक्टर दुसरीकडेही बघायला लागतो. इंग्लंडमधले स्पीडब्रेकर आणि आपले स्पीडब्रेकर यांची तुलना इथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारावी.

डॉक्टर खोलीत शिरल्याबरोबर काय पाहतो? रुग्ण हलतोय का, हे. मुतखड्याचा रुग्ण गडबडा लोळतो, त्याला कुठल्याच कुशीवर चैन पडत नाही. अपेंडिक्सचा रुग्ण निपचित पडून असतो, बऱ्याचदा उजवा गुडघा दुमडून. कारण हललं की अस्तर ओढलं जातं. मग डॉक्टर खोकायला सांगतो. हात ठेवतो तो आधी डावीकडे. डावीकडे दाबल्यावर उजवीकडे दुखलं तर त्याची भुवई वर जाते. बेंबी आणि उजवीकडचं कमरेचं पुढचं हाड जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर, एक बिंदू असतो. न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नीनं १८८९ साली तो सांगितला, आणि अजूनही जगभरची बोटं तिथेच टेकतात. मघाशी ज्या तिरक्या खुणेचा उल्लेख झाला ती त्याच मॅकबर्नीच्या पद्धतीची: स्नायू न कापता तंतूंच्या दिशेनं फाकवायचे आणि आत जायचं.

पोट तपासण्याची ही विद्या झकरी कोप या इंग्रज सर्जननं १९२१ साली एका छोट्या पुस्तकात बसवली. पुढे त्यानं टोपणनावानं तोच विषय चक्क पद्यात लिहिला. ‘माधवनिदान’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ श्लोकांत पाठ करणाऱ्या देशाला याचं नवल वाटू नये.

कोपच्या काळातली एक शिकवण मात्र आता बदलली आहे. निदान होईपर्यंत दुखण्यावर औषध द्यायचं नाही, कारण लक्षणं झाकली जातील, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनाशामक दिल्यानं निदान बिघडत नाही. रुग्णाला कळवळत ठेवण्याचं कारण उरलेलं नाही. घरी मेडिकलमधून गोळी आणून दोन दिवस ढकलणं ही मात्र वेगळीच गोष्ट.

पण सगळेच रुग्ण पुस्तक वाचून आजारी पडत नाहीत. अपेंडिक्स मोठ्या आतड्याच्या पाठीमागे दडलेलं असेल तर पुढून पोट दाबून फारसं दुखत नाही, दुखणं कुशीत जाणवतं. ते खाली ओटीपोटात उतरलेलं असेल तर लघवीला जळजळ होते, जुलाब होतात, आणि घरचे ते अतिसार समजून बसतात. पाच वर्षांखालच्या मुलाला सांगता येत नाही; त्यामुळे दवाखान्यात येईपर्यंत अपेंडिक्स फुटलेलं असण्याचं प्रमाण लहान मुलांत जास्त. म्हाताऱ्या माणसांत ताप आणि वेदना दोन्ही बेताच्या असतात. तरुण मुलीच्या बाबतीत उजवीकडचा बीजांडकोश तिथेच शेजारी असतो, म्हणून डॉक्टर पाळीची तारीख विचारतो. त्या प्रश्नावर रागावू नये, आणि सोबत आलेल्या वडिलांनी तिच्या वतीनं उत्तर देऊ नये. गरोदरपणात वाढत्या गर्भाशयामुळे अपेंडिक्स वर ढकललं जातं, दुखायची जागा बदलते. आणि तिथे उशीर केला तर दोन जिवांना धोका.

आणि सगळ्यात फसवी गोष्ट. तीव्र दुखणं अचानक कमी होतं. घरात हुश्श होतं. काही वेळा याचा अर्थ एवढाच असतो की अपेंडिक्स फुटलं, आतला दाब उतरला. काही तासांत पोट फुगतं, लाकडासारखं कडक होतं, ताप चढतो.

म्हणून यंत्रांचा आधार. १९८६ साली, फिट्झच्या निबंधाला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी, दोन गोष्टी झाल्या. अल्वाराडो नावाच्या डॉक्टरनं दहा गुणांची एक मोजणी सुचवली. दुखणं सरकलं का, भूक गेली का, मळमळ, ताप, पांढऱ्या पेशी वाढल्या का, यांना गुण द्यायचे. त्याच वर्षी नेदरलँड्सच्या प्यूलार्टनं पोटावर हळूहळू दाब देत सोनोग्राफीत सुजलेलं अपेंडिक्स कसं पाहायचं ते दाखवलं. आता गरज पडली तर सीटी स्कॅन आहे. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘अपेंडिक्स दिसले नाही’ असं पुष्कळदा असतं. त्याचा अर्थ ‘अपेंडिसायटिस नाही’ असा करून बरेच जण घरी जातात. तो अर्थ नाही. गॅसच्या आड नळी दिसली नाही, एवढाच तो अर्थ. अशा वेळी काही तासांनी पोट पुन्हा तपासणं, तेही शक्यतो त्याच डॉक्टरनं, ही अजूनही पहिल्या दर्जाची तपासणी आहे.

आता उपचार. थांबायचं की कापायचं? हा वाद फिट्झइतकाच जुना, आणि त्याचा निकाल लोकांच्या मनात लावला एका राजानं. २६ जून १९०२ रोजी लंडनला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक व्हायचा होता. जगभरचे पाहुणे आले होते. राजाचं पोट दुखत होतं आणि राजा ऐकत नव्हता. सर्जन फ्रेडरिक ट्रीव्ह्ज. दोनच वर्षांपूर्वी त्याची स्वतःची मुलगी अपेंडिसायटिसनं गेली होती. राजा म्हणे, समारंभाला जाणारच. तर मग प्रेत होऊन जाल, असं ट्रीव्ह्जनं सुनावल्याचं सांगतात. २४ जूनला बकिंगहॅम राजवाड्यात ऑपरेशन झालं. गंमत अशी की अपेंडिक्स काढलंच नाही, फक्त पू बाहेर काढला. राजा वाचला, अभिषेक ९ ऑगस्टला झाला, आणि तोवर लोकांना ज्याची भीती वाटायची ते हे ऑपरेशन एकदम प्रतिष्ठित झालं.

त्या समारंभासाठी कोल्हापूरचे शाहू महाराजही इंग्लंडला गेले होते. नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांना ५० टक्के जागा राखून ठेवणारा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला तो २६ जुलै १९०२ रोजी, महाराज परदेशी असताना. ठरलेला अभिषेक आणि प्रत्यक्ष झालेला अभिषेक यांच्या मधल्या दिवसांत. अपेंडिक्सचा आणि त्या हुकमाचा काही संबंध नाही. पण तारखा शेजारी आल्या की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कापायचं, या बाजूची सगळ्यात टोकाची गोष्ट अंटार्क्टिकातली. ३० एप्रिल १९६१. नोवोलाझारेव्हस्काया या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह हा सत्तावीस वर्षांचा एकमेव डॉक्टर, आणि आजारी तोच. आधी त्यानं प्रतिजैविकं घेऊन पाहिली. उपयोग झाला नाही. हिमवादळात विमान येणं अशक्य. मग सुन्न करणारं इंजेक्शन टोचून, एका सहकाऱ्याला आरसा धरायला आणि दुसऱ्याला जखम फाकवून धरायला सांगून त्यानं स्वतःचं अपेंडिक्स स्वतः काढलं. पावणेदोन तास लागले, मधे मधे भोवळ येत होती. दोन आठवड्यांत तो कामावर रुजू झाला. आपला ‘मैत्री’ हा तळ त्याच खडकाळ भागात, तिथून काही किलोमीटरवर आहे, आणि तिथल्या मोहिमांची सूत्रं हलतात ती गोव्यातल्या वास्कोच्या संस्थेतून.

पोट मोठं उघडण्याची गरज पुढे कमी झाली ती कीलच्या कुर्ट झेममुळे. १९८० साली या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा सर्जन मंडळी खवळली. त्याला निलंबित करा, इथपर्यंत मागणी गेली. आज तालुक्याच्या गावीही तीन छोट्या छिद्रांतून हे होतं आणि न फुटलेलं असेल तर रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. दिवस उलटून उशिरा आलेल्या काही रुग्णांत मात्र आतडी आणि चरबीचा पडदा अपेंडिक्सभोवती चिकटून गाठ तयार होते. तिथे घाईनं कापलं तर आतड्यालाच इजा. म्हणून सलाइन, प्रतिजैविकं आणि रोज गाठीचं मोजमाप. घाई हाच नियम असलेल्या आजारातला हा अपवाद.

आणि आता जुना वाद नव्या रूपात परत आला आहे. ऑपरेशन न करता नुसत्या प्रतिजैविकांवर भागेल का? फिनलंडमधल्या अभ्यासात ५३० रुग्ण होते. सीटीवर साधा, न फुटलेला, खडा नसलेला अपेंडिसायटिस पक्का करूनच त्यांना घेतलं होतं. औषधं दिलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावं लागलं; पाच वर्षांत हा आकडा ३९ टक्क्यांपर्यंत गेला. म्हणजे दहातले सहा जण पाच वर्षं चाकूशिवाय राहिले. ग्लास अर्धा भरलेला की अर्धा रिकामा, हे ज्याचं त्यानं ठरवावं. परीक्षा तोंडावर असलेल्या मुलाचं उत्तर आणि बोटीवर सहा महिने जाणाऱ्या खलाशाचं उत्तर एकच असणार नाही. अपेंडिक्सच्या तोंडाशी खडा दिसत असेल तर औषधांचा भरवसा आणखी कमी होतो, हे अमेरिकेतल्या २०२० सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं. हा मार्ग सीटीशिवाय, अंदाजानं, घरच्या घरी पाच दिवसांच्या गोळ्या घेऊन निवडायचा नसतो.

रात्री पोट दुखायला लागलं तर दवाखान्यात जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: दुखणं किती वाजता आणि कुठे सुरू झालं, उलटी त्याच्या आधी झाली की नंतर, आणि शेवटचं खाणंपिणं कधी. शेवटचं उत्तर भूल देणाऱ्या डॉक्टरला लागतं, म्हणून निघताना चहाचा आग्रह नको.

राहता राहिला एक कागद. काढलेलं अपेंडिक्स पॅथॉलॉजीकडे तपासायला जातं. क्वचित त्यात बारीकशी गाठ निघते, आणि तशी निघाली तर पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. हा रिपोर्ट डिस्चार्जनंतर काही दिवसांनी येतो. टाके निघाले, मुलगा खेळायला लागला, की तो आणायला पुष्कळ जण फिरकतच नाहीत. तो आणून फाइलला लावावा आणि डॉक्टरला दाखवावा.

आता प्रश्न असतील तर संयोजकांकडे चिठ्ठ्या द्याव्यात. आपल्या पोटात याच क्षणी दुखतंय असा कुणाचा प्रश्न असेल, तर त्यांनी चिठ्ठी लिहीत बसू नये.